सात अंड्यांचं पिवळं

सात पिवळे गोळे ताटलीत जमले आणि सुजितचा हात हवेतच थांबला. ताटली घेऊन तो आधी सिंककडे वळला, मग फ्रिजकडे, मग दाराआडच्या कचऱ्याच्या डब्याकडे, आणि पुन्हा होता तिथंच ओट्यापाशी येऊन उभा राहिला. पिवळं कुठं ठेवायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. तसं म्हटलं तर गोष्ट एवढीशी. बुधवारची दुपार, पिंपळे गुरवमधलं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होता होत नाहीये, आणि चाकणच्या कंपनीत वेल्डिंग लाइन सांभाळणारा एकोणतीस वर्षांचा दणकट गडी सात उकडलेल्या बलकांपुढे गप्प उभा. कुणालाही हसू यावं असाच प्रसंग. त्याला मात्र हसू येईना. चौदा महिने तो रोज सात अंड्यांचं पांढरं खात आला होता. पोटात गेलेला घास न् घास मोबाइलमधल्या अ‍ॅपवर लिहिलेला होता: सात पांढरे, दोनशे ग्रॅम बटाटा, साल काढून, मीठ नाही. बटाटा एकशे नव्वद भरला तर तो एकशे नव्वदच लिहायचा, इतका सच्चा. आणि त्याच अंड्यांमधून चौदा महिने जे पिवळं निघालं, त्याचा त्या अ‍ॅपमध्ये पत्ता नव्हता आणि त्याच्या डोक्यातही नव्हता. आज पहिल्यांदाच त्यानं स्वतः अंडी उकडली होती, कारण रोज उकडणारा माणूस सोमवारपासून पिंपरीच्या हॉस्पिटलात पडून होता.

तो माणूस म्हणजे त्याचे वडील, ज्योतीराम. निलंग्याकडून विसाव्या वर्षी भोसरीत आले ते एका वर्कशॉपात लेथवर उभे राहिले आणि अडतीस वर्षांनीच खाली बसले. एवढ्या वर्षांत भोसरीची भाषा त्यांच्या तोंडाला लागली नाही. ‘मी सांगलो’, ‘मी खाल्लो’ असंच ते अजूनही बोलतात, आणि शाळेत असताना सुजितला मित्रांसमोर त्याची फार लाज वाटायची. आई गेल्यावर स्वयंपाक बाबांकडे आला. जिमच्या ट्रेनरनं, भीमराजनं, आहाराचा कागद दिला तेव्हा सुजितनं तो घाबरत घाबरतच घरी आणला होता. ‘असलं कुटं खात्यात व्हय’ म्हणतील असं त्याला वाटलेलं. बाबांनी कागद खिडकीशी नेऊन चष्म्यातून वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “ड्रॉइंग बरं हाय. मेजरमेंट दिल्यात. करू.” आणि कागद फ्रिजला चिकटवून टाकला. त्या दिवसापासून पहाटे साडेचारला ओट्यावर वर्कशॉप सुरू. मुठीत बसतील असे सारख्या मापाचे बटाटे ते भाजीवाल्याकडून निवडून आणायचे. बटाटे गार पाण्यात, पाण्याला उकळी आली की अंडी चमच्यानं एकेक सोडायची, घड्याळाकडं बघून बारा मिनिटं. बारा म्हणजे बारा. तेरा झाली तर पिवळ्याभोवती हिरवी रेघ येते आणि तो माल बाबांच्या लेखी रिजेक्ट. वर्कशॉपात लॉट चालू करायच्या आधी पहिला नग तपासून घेतात, तसा बाबांचा पहिल्या अंड्याचा फर्स्ट पीस असायचा. ते सोलून दोऱ्यानं मधोमध कापायचे, दोन्ही अर्धुकं ट्यूबलाइटखाली धरायचे आणि “ओके” म्हणायचे. मग बाकीची सहा. आठवड्याची अंडी आणली की प्रत्येकावर पेन्सिलीनं वार घालायचे. आता सुजितनं उकडलेल्या अंड्यांच्या टरफलांवर ‘बुध’ लिहिलेलं होतं. फ्रिजमध्ये काल तशीच राहिलेली मंगळ, मग गुरू, शुक्र आणि शनि होते, आणि सगळ्यात मागच्या ओळीत सात अंड्यांवर ‘रवि’ लिहून त्याखाली रेघ ओढलेली होती. रविवारी शरीरसौष्ठवाची स्पर्धा होती.

पिवळ्याचा प्रश्न अगदी सुरुवातीला एकदा निघाला होता खरा. दुसऱ्याच आठवड्यात. सात बलक ताटलीत पडलेले पाहून सुजितचं मन मागं सरलं होतं. ज्या घरात आई पातेल्याला लागलेली आमटीसुद्धा भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची, त्या घरात रोज एवढं अन्न बाहेर टाकायचं? “राहू द्या बाबा, आपल्याला नाही परवडायचं हे पाप,” असं तो म्हणाला होता, आणि त्यात थोडी सुटकाही होती, कारण नुसत्या पांढऱ्यानं त्याला मळमळायला लागलं होतं. बाबा तेव्हा भांडी घासत होते. मागं न बघता म्हणाले, “जॉब तू बघ. स्क्रॅप मी बघतो.” लेथवर जॉब, म्हणजे घडत असलेला नग, फिरतो आणि खाली लोखंडाचा कीस पडतो, तो मशीनवरच्या माणसानं बघायचा नसतो, त्याचं लक्ष कामावर. कीस उचलणारा वेगळा. सुजितला ही वाटणी पटली. पटली कसली, सोयीची वाटली. शाळेत निबंध आईनं लिहून दिला की वाटायची तशी. मग कधीतरी, कुठल्याशा एका संध्याकाळी, त्याच्या डोक्यात असं बसलं की बाबा ते खालच्या कुत्र्याला घालत असणार. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. पण त्या कुत्र्याचा रंगसुद्धा त्यानं मनात ठरवून टाकला होता; तपकिरी, एका कानाला चीर पडलेली. पिवळं खाऊन त्याचे केस चकाकायला लागले असतील असंही त्याला एकदा वाटून गेलं होतं.

ताटलीवर दुसरी ताटली पालथी घालून तो जिन्यानं खाली उतरला. लिफ्ट चालू होती, पण तो लिफ्टनं जात नसे. या जिन्याशी त्याचं जुनं वैर होतं. तीन वर्षांपूर्वी आईला, दुर्गाबाईला, भरदुपारी धाप लागली. त्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद, आणि रुग्णवाहिका गेटापाशी येऊन उभी. सुजित तेव्हा अठ्ठ्याण्णव किलोचा होता. त्यानं आईला दोन्ही हातांवर उचललं, एक मजला उतरला, दुसऱ्याच्या अर्ध्यावर आला आणि त्याचे गुडघे लटपटायला लागले. डोळ्यांपुढं काळे ठिपके. त्यानं आईला तिथंच पायरीवर बसवलं आणि स्वतः कठड्याला धरून माशासारखा तोंड उघडझाप करत राहिला. आईला स्वतःला श्वास मिळत नव्हता. तरी तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “बस जरा. दम खा.” पाण्याचे जार पोचवणारा एक पोरगेलासा माणूस आणि पहिल्या मजल्यावरचे काका, दोघांनी मग तिला खाली नेलं. पुढं चार दिवस ती जगली, त्यामुळं त्या दहा मिनिटांबद्दल कुणी काही बोललं नाही. बाबा त्या वेळी मागच्या पायरीवर आईच्या चपला आणि रिपोर्टांची पिशवी धरून उभे होते. तेही काही बोलले नाहीत. पण सुजितला अजूनही हा जिना उतरताना त्या ठरावीक पायरीवर पाय जड होतो. जिम, सात पांढरे, भोसरीतल्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या त्या कोंदट हॉलमध्ये गाळलेला घाम, सगळं त्या पायरीपासून सुरू झालं होतं. स्टेजचं वेड भीमराजनं नंतर डोक्यात घातलं. ‘भावा, तुझी फ्रेम स्टेज मागतेय. कामगार श्रीला उतर.’ लोकांना तेच खरं कारण वाटायचं, आणि सुजितनं ते तसंच वाटू दिलं.

गेटापाशी सोपानराव खुर्चीत बसून मोबाइलवर भजन ऐकत होते. म्हातारा मूळचा चाकणकडच्याच गावचा, जमीन कारखान्यात गेली आणि स्वतः वॉचमन झाला. सुजितनं ताटली मागं लपवल्यासारखी धरून विचारलं, “काका, ते कुत्रं कुठं दिसत नाही आज?”

“कंचं कुत्रं?”

“आपलं. सोसायटीतलं. तपकिरी.”

सोपानरावांनी भजन बंद केलं. “आवो, हितं कुत्रं कुठंय? दोन वर्सं व्हत आली, कमिटीनं समदी नेऊन सोडली पार लांब. ध्यानात न्हाई व्हय तुमच्या?” मग त्यांना काहीतरी आठवलं. “तुमच्या वडलांनीबी इचारलं व्हतं मागं एकदा. असंच ताट घिऊन आल्ते. न्हाई म्हणलं तर म्हणले, ऱ्हाऊ द्या, बघतो मी. बरं हायती का आता? आपरेशन कवा हाय?”

“शुक्रवारी,” सुजित म्हणाला, आणि ताटली घेऊन परत वर निघाला.

वर येताना त्याला वास आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा तो नाकातच होता, आजवर त्याला नाव दिलेलं नव्हतं इतकंच. पहिल्या शिफ्टला कंपनीची बस धरायला तो पाच चाळीसला डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दुसऱ्या मजल्यावर येईतो वरून लसणाच्या फोडणीचा खमंग वास यायचा. काळं तिखट तेलात पडल्याचा. निलंग्याहून आत्या दर वर्षी बरणीभर पाठवायची ते. त्या वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि बिनमिठाच्या डब्याचा राग यायचा. कुणाची तरी मजा आहे, असं म्हणत तो उतरायचा. कुणाची हे बघायला तो कधी चार पायऱ्या परत चढला नाही. संध्याकाळी परत आला की बाबा म्हणायचे, “मी जेवलो. तू घे.” काय जेवलात असं विचारल्यावर “भाकरी, पातळ भाजी” असं ठरलेलं उत्तर. आता त्यानं गॅसच्या सिलिंडरमागं हात घातला आणि आईची लोखंडी कढई बाहेर काढली. कागदानं नीट पुसून ठेवलेली होती, बाबांच्या हाताला घाणेरडं ठेवणं माहीत नव्हतं. पण कडेला, कानाच्या खाली, पिवळ्याचा पापुद्रा करपून घट्ट बसला होता, आणि त्यातच बटाट्याची एक साल चिकटलेली होती. साल. तीही स्क्रॅपच. तो कढई हातात धरून खाली फरशीवर बसला. रोज सात, वर्षाचे किती, चौदा महिन्यांचे किती, असा हिशेब डोकं आपोआप करायला लागलं, कारण गेलं वर्षभर त्यानं डोक्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तीन हजारांच्या जवळ आकडा गेला तसं त्यानं डोकं कढईला टेकलं. त्याला रडू येत नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली होती, आणि ती कुठं ठेवायची हेही त्याला माहीत नव्हतं.

कारण सोमवारची पहाट अजून अंगावरच होती. पाच वाजता पातेलं खणकन वाजलं म्हणून तो उठून आला तर बाबा ओट्याला धरून खाली सरकत होते, कपाळावर घाम, डावा हात छातीशी. “काय न्हाई, ॲसिडिटी हाय,” म्हणत होते. सुजितनं त्यांना उचललं. लिफ्टचं बटण त्यानं दाबलंसुद्धा नाही. सरळ जिना. तिसरा मजला, दुसरा, ती पायरी, पहिला, गेट. थांबला नाही. आणि खाली रिक्षात बाबांना निजवताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला नाही. छाती शांत, मांड्या घट्ट. तेव्हा, बाप रिक्षात कण्हत असताना, त्याला आनंद झाला. खराखुरा, लख्ख आनंद. बघ आई, असंही तो मनात म्हणाला. त्याच वेळी त्याच्या हातांनी एक नोंद केली होती. वजनं उचलणाऱ्या माणसाच्या हातांना ती सवयच लागते. बाबा साठ-बासष्ट किलोचे, काटक, असं तो धरून चालला होता. हातांत आले ते ऐंशीच्या पुढं होते. केव्हा झाले एवढे, हा प्रश्न जिन्यात पडला आणि रिक्षा सुरू झाल्यावर विसरून गेला. त्या ऐंशीतले किती आपले, आपल्या ताटातून उतरलेले, हे आता फरशीवर बसून त्याला विचारता येत होतं, आणि उत्तर देणारं घरात कुणी नव्हतं.

हॉस्पिटलात त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं होतं, खाण्यात काय असतं? तेलकट? मटण? अंडी? बाबांनी तोंडावरचा मास्क हातानं बाजूला करून सांगितलं, “अंडी लेकरू खातंय. मी न्हाई.” डॉक्टरांनी सुजितकडं पाहिलं आणि सुजितनंही मान हलवली होती: नाही, ते अंडी खात नाहीत. खोटं बोलत होते दोघं असं म्हणता येणार नाही. बाबांच्या लेखी अंडं म्हणजे जे डब्यात जातं ते. जे उरतं ते अंडं नव्हे. लेथवरच्या माणसानं कधी कीस धरून आज इतके नग काढले असं सांगितलंय का? नंतर डॉक्टर म्हणाले होते की तीन ठिकाणी अडलेलं आहे, बायपास करावी लागेल, आणि हे एका कशामुळं होत नसतं. साखर बारा वर्षांची, वय, आधीची बिडी, सगळं मिळून होतं. आत्ता त्या वाक्याला सुजितनं धरून बघितलं. बरंच मोठं वाक्य होतं, आत लपायला जागा होती. पण साखरेच्या गोळ्यांच्या खोक्यात दवाखान्याचा जुना कागद होता, आणि गोळ्या हॉस्पिटलात न्यायच्या म्हणून त्यानं तो खोका उघडला. दीड वर्षापूर्वीचा कागद. खाली कुणीतरी मराठीत, पेशंटला कळावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: तळलेले, बटाटा, अंड्याचे पिवळे बंद. ‘बंद’ या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. तशीच रेघ, ‘रवि’खाली होती तशी.

त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि उभ्याउभ्याच ताटलीतलं पहिलं पिवळं तोंडात टाकलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. शिक्षा म्हणून म्हणावं तर शिक्षा अशी रुचकर नसते. चौदा महिन्यांनी जिभेला चव लागली आणि जिभेनं निर्लज्जपणे ती ओळखली. दुसरं कोरडं गेलं. तिसऱ्यापासून घशात पीठ भरल्यासारखं झालं. पाणी तोडायचा आठवडा होता, स्पर्धेआधी कातडी अंगाला चिकटावी म्हणून घोटघोट मोजून प्यायचं. त्यानं नळाखाली तोंड धरून घटाघटा पाणी प्यायलं. हे कुत्र्यानं खाल्लं असं आपण म्हणत होतो, असं पाचव्याला त्याच्या मनात आलं. सातवं त्यानं चावलंच नाही. तेवढ्यात भीमराजचा फोन आला. “भावा, कुठंयस? बाबांचं कळलं. टेन्शन नको घेऊ, पण डाएट सोडू नको हा, चार दिवस राहिलेत. पांढरं घेतलंस का?” सुजित म्हणाला, “घेतलं.” “बटाटा?” “हो.” “शाब्बास वाघा. बाबांसाठी मार ही स्पर्धा.” बोलताना बलकाचा चुरा सुजितच्या दातांत होता.

पांढऱ्यातली दोन आणि अर्धा बटाटा त्यानं छोट्या डब्यात भरला. हॉस्पिटलच्या जेवणाला चव नाही म्हणून बाबा काही खात नव्हते, तेव्हा नर्सबाईंनीच सांगितलं होतं, घरून आणा, पांढरं चालेल, बिनमिठाचं, पिवळं अजिबात नाही. म्हणजे आजचा डबा हा चौदा महिन्यांत बाबांचा पहिला. शेअर रिक्षात तो दोन माणसांच्या मध्ये दाबून बसला. दंडाला दंड घासत होते आणि शेजारचा त्याच्या दंडाकडं आदरानं बघत होता. पूर्वी असं कुणी बघितलं की त्याला छाती आपोआप पुढं काढावीशी वाटायची. आज त्याला तो दंड स्वतःचा वाटेना. कुणाच्या तरी घरातून उचलून आणलेली वस्तू अंगावर घालून आपण गावभर फिरतोय आणि मालक कधीही समोर येईल, अशी धास्ती त्याला बसली होती. सांगायचं की नाही? सांगितलं तर डॉक्टर काय, लिहून घेतील. पण बाबांच्या समोर सांगायचं म्हणजे दोघांमध्ये जी एक झाकलेली गोष्ट होती तिचं झाकण काढायचं. आणि नाही सांगितलं तर बाबा ऑपरेशनवरून परत येतील, पहाटे साडेचारला उठतील, अंडी सोडतील, घड्याळ बघतील. आपण डबा उचलून जाऊ. मागून फोडणीचा वास येईल. हे सगळं त्याला इतकं स्वच्छ दिसलं की पिंपरीचा चौक आला तरी तो उतरला नाही. रिक्षावाल्यानं “ओ पैलवान” म्हणून हाक मारली तेव्हा भानावर आला.

बाबा उशीला टेकून बसले होते. तीन दिवसांत दाढी पांढरी उगवली होती आणि हाताला सुईवर चिकटपट्टी लावलेली. सुजितनं डबा उघडून दिला. बाबांनी खाण्याआधी एक अर्धुकं उचललं, खिडकीच्या उजेडाकडं वळवलं आणि पिवळ्याच्या रिकाम्या खळग्यात बघितलं. खळग्याच्या कडेनं हिरवट करडी रेघ होती.

“किती मिंटं ठिवलास?”

“बघितलं नाही.”

“बारा सांगलो होतो,” बाबा म्हणाले. रागावले नव्हते, माल बघून माणूस बोलतो तसं बोलले. “आपल्या हातानं करायलास म्हणल्यावर घड्याळ बघायचं.”

तेवढ्यात आहाराचा फॉर्म घेऊन एक मुलगी आली. छातीवरच्या पट्टीवर मोनिका असं नाव. ऑपरेशननंतर काय खायचं ते ठरवायला आधी काय खात होता ते लिहायचं होतं. ती भराभर विचारत गेली आणि बाबा पोलिसचौकीत बसल्यासारखे नीट उत्तरं देत गेले. भाकरी किती, चहा किती, साखर घालून की बिनसाखरेचा.

“अंडी?”

“न्हाई. अंडी ह्यो खातो,” बाबांनी हनुवटीनं सुजितकडं दाखवलं.

मोनिकानं पेन टेकवलं. सुजितला वाटलं आपण आत्ता बोललो नाही तर या खोलीतून कधीच बाहेर पडणार नाही. “खातात,” तो म्हणाला. “नुसतं पिवळं. रोज सात. तेलात परतून. बटाट्याच्या सालींबरोबर.”

“रोज सात?” मोनिकानं मान वर केली. “किती दिवस?”

“चौदा महिने.”

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. भर वर्कशॉपात सोबतच्या कामगारानं साहेबाला चुगली सांगावी, तसे. मग मोनिकाकडं वळून पडेल आवाजात म्हणाले, “ते अंडी न्हवती ओ बाई. ऱ्हायलेलं होतं ते.” तिनं काहीतरी लिहिलं, डॉक्टरांना सांगते म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं गेली.  बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. सुजितनं खिशातला कागद काढून चादरीवर ठेवला. बाबांनी तो उलगडला नाही. ओळखीचा होता.

“माहीत होतं ना तुम्हाला?” सुजित म्हणाला. “लिहून दिलं होतं ना? मला का नाही सांगितलं? मी बंद केलं असतं सगळं त्याच दिवशी.”

“म्हणूनच न्हाई सांगलो,” बाबा म्हणाले. “पायरीवर थांबलेला बघितलो मी तुला. तुज्या आईच्या वक्ताला. ते तोंड मला परत बघायचं न्हवतं.” मग थोडं थांबून, काळजीनं, “आजचं पिवळं काय केलास?”

“खाल्लं.”

“समदं?”

“सातही.”

बाबांचे डोळे मोठे झाले. “येडा हायस काय तू? रविवार चार दिवसांवर आलाय.”

“रविवारी मी जाणार नाहीये, बाबा. तुमचं शुक्रवारी ऑपरेशन, आणि मी तिथं तेल लावून उभा राहू? मी नाही जाणार. जिम पण सोडली. संपलं ते.”

त्याला वाटलं होतं बाबांना बरं वाटेल. निदान सुटल्यासारखं वाटेल. बाबांनी खिडकीकडं तोंड केलं. त्यांची हनुवटी हलत होती. भोसरीच्या वर्कशॉपनं शेवटच्या दिवशी शाल देऊन घरी पाठवलं तेव्हाही ती अशी हलली नव्हती, आई गेली तेव्हाही नव्हती.

“मग मी खाल्लो कशाला?” ते म्हणाले.

 बाबांनी डब्यातलं ते हिरव्या रेघेचं अर्धुकं पुन्हा उचललं आणि सुई टोचलेल्या हातानं त्याच्या तोंडासमोर धरलं. हात खाली घेईनात. शेवटी सुजितनं तोंड उघडलं आणि ते खाल्लं. अळणी होतं.